पाळी अजून वेळेवर येते, तरी ही रजोनिवृत्तीची सुरुवात असू शकते का?

निशिगंधा
माझं वय ४३. पाळी वेळेवर येते. पूर्वी २८ दिवसांनी यायची, आता २५-२६ दिवसांनी येते, एवढाच फरक. पण गेले सात-आठ महिने माझं काहीतरी बिनसलंय. रात्री तीनच्या सुमारास टक्क जाग येते आणि पाच वाजेपर्यंत डोळा लागत नाही. डोक्यात चिंता असतेच असं नाही, नुसती जाग. कामात ओळखीचा शब्द ऐन वेळी आठवत नाही. परवा मीटिंगमध्ये 'अंदाजपत्रक' हा शब्दच सापडेना. पाळीच्या आधीच्या आठवड्यात एवढी चिडचिड होते की मुलगी माझा चेहरा बघून खोलीबाहेर जाते, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

घाम, गरम वाफा यातलं काहीच नाही. डॉक्टरांकडे गेले तर 'पाळी नियमित आहे ना, मग ताण असेल' म्हणाले. ताण तर दहा वर्षांपूर्वीही होता, तेव्हा असं होत नव्हतं. ज्या यातून गेल्या आहेत त्यांना विचारते: तुम्हाला सगळ्यात आधी काय जाणवलं? आणि हे रजोनिवृत्तीच्या आधीचं आहे हे कसं कळलं?

केतकी
झोप. अगदी तुझ्यासारखीच, तीन वाजताची जाग. पाळीत फरक पडला तो त्यानंतर दीड-दोन वर्षांनी.

सुनंदा_म
मला आधी खांदा. डावा खांदा इतका आखडला की पाठीमागे हात नेऊन हुक लावता येईना. फ्रोजन शोल्डर निघाला. तेव्हा वय ४६. वर्षभर व्यायाम आणि उपचार चालले. याचा पाळीशी काही संबंध असेल असं मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढे सांधे सकाळी ताठर व्हायला लागले, डोळे कोरडे पडायला लागले, तेव्हा एका डॉक्टरांनी सगळं एकत्र मांडून विचारलं, 'पाळीचं काय चाललंय?' तोवर मी प्रत्येक दुखणं वेगवेगळ्या दारात घेऊन फिरत होते.

रेवा७
मला पाळी जास्त जायला लागली हे पहिलं. सगळ्यांना वाटतं पाळी कमी-कमी होत जाते आणि मग थांबते. माझं उलट झालं. गाठी पडायच्या, दर तासाला पॅड बदलावं लागायचं, रात्री अंथरुणावर टॉवेल घालून झोपायचे. 'जायच्या आधी असं होतंच' असं ऐकत मी वर्ष काढलं. हिमोग्लोबिन ७ वर आल्यावर घरच्यांनी उचलून नेलं. हे वाचणाऱ्या कुणीही तसं वर्ष काढू नका.

इरा
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथे कुणाचं निदान करणार नाही, पण निशिगंधाच्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर द्यावंसं वाटतं, कारण 'पाळी नियमित आहे म्हणजे काही नाही' हे वाक्य मी फार वेळा ऐकते.

बीजकोश कमी होत जातात तसं अंडाशयातून निघणारं इनहिबिन-बी हे संप्रेरक (हार्मोन) कमी होतं. त्याचा लगाम सुटला की मेंदूतून एफएसएच, म्हणजे बीज वाढवणारं संप्रेरक, जास्त सुटतं आणि बीज लवकर पक्व होतं. म्हणून सुरुवातीला चक्र लांबत नाही, दोन-तीन दिवसांनी आखडतं. निशिगंधा, तुझं २८ वरून २५-२६ वर येणं हे त्यातलं असू शकतं.

पुढे काही महिन्यांत बीज सुटतच नाही. बीज सुटलं नाही की त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही. इस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरक मात्र तेव्हा कमी असतंच असं नाही. ते वरखाली होतं, कधी नेहमीपेक्षा जास्तही असतं. म्हणूनच छाती दुखरी होणं, जास्त रक्तस्राव, पाळीआधीची चिडचिड वाढणं हे आधी येतं. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात एक घटक बनतो, तो मेंदूला शांत करणाऱ्या यंत्रणेवर काम करतो. त्याची ये-जा बिघडली की काहीजणींची झोप आणि मनःस्थिती आधी ढवळते.

वैद्यकशास्त्रात या काळाचे टप्पे ठरवलेले आहेत. लागोपाठच्या दोन चक्रांमध्ये ७ किंवा अधिक दिवसांचा फरक पडला आणि पुढच्या दहा चक्रांत तसा पुन्हा पडला, तर संक्रमणाची सुरुवात धरतात. ६० दिवस किंवा त्याहून जास्त खंड पडला तर उत्तरार्ध. सलग १२ महिने पाळी आली नाही की मागे वळून म्हणायचं, ती शेवटची पाळी होती. या काटेकोर व्याख्येत निशिगंधा अजून बसत नाही. पण त्याच्याही आधीचा एक टप्पा मानलेला आहे, ज्यात चक्र फक्त किंचित बदलतं. त्रास व्हायला व्याख्येची परवानगी लागत नाही.

निशिगंधा
इराताई, शेवटचं वाक्य वाचून रडूच आलं. खरंच आभार. मग एफएसएचची रक्ततपासणी करून घेऊ का? म्हणजे एकदाचं कळेल.

इरा
तुझ्या वयात त्या एका आकड्यावर भिस्त ठेवू नकोस. या काळात एफएसएच आज ३० आणि पुढच्या महिन्यात ८ असं होऊ शकतं. ४५ च्या पुढे तर लक्षणं आणि पाळीचा इतिहास एवढ्यावरच निदान करतात, संप्रेरकांच्या तपासणीची गरज नसते. ४० ते ४५ मध्ये पाळी बदललेली असेल आणि लक्षणं असतील तर विचार करतात. ४० च्या आत मात्र तपासणी हवीच. तुझ्यासाठी रक्ताच्या तपासण्यांपैकी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन-फेरिटिन (फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा) जास्त उपयोगाच्या.

प्राजक्ता
थायरॉइडबद्दल मी दोन शब्द जोडते, कारण माझी गोष्ट या धाग्याच्या दुसऱ्या बाजूची आहे. मी असे अनुभव वाचूनच ठरवून टाकलं होतं की मला हेच झालंय. थकवा, वजन, विसराळूपणा, केस गळणं, पाळी पुढेमागे. वय ४४. सगळं जुळत होतं. वर्षभर काहीच केलं नाही, 'जाईल हा काळ' म्हणत राहिले. शेवटी दुसऱ्याच कारणासाठी तपासणी झाली आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, ३८ आला, फारच जास्त. गोळी सुरू झाल्यावर तीन महिन्यांत मी माणसांत आले.

आता सगळंच पेरिमेनोपॉजच्या, म्हणजे रजोनिवृत्तीआधीच्या या काळाच्या, खात्यावर टाकायची पद्धत पडत चाललीय, ती मला धोक्याची वाटते.

सुनंदा_म
प्राजक्ता, तुझं पटतंय, पण माझ्या बाबतीत नेमकं उलट झालं ना. पाच वर्षं कुणी हा शब्दच काढला नाही. तुला एका नावाने अडवलं, मला नाव नसल्याने.

प्राजक्ता
मान्य. मग दोघींचं मिळून असं म्हणू, की नाव सुचलं तरी तपासणी सोडायची नाही.

शमा_क
आमच्या आईच्या पिढीत यातलं काही नव्हतं. त्यांनी निभावलंच ना? एवढं लक्ष दिलं की प्रत्येक गोष्ट लक्षण वाटायला लागते. कामात गुंतून राहावं, असं माझं मत.

मंदाकिनी
शमा, मी ६८ वर्षांची आहे, म्हणजे बहुधा त्या पिढीतलीच. होतं गं, सगळं होतं. मी ४७ वर्षांची असताना दोन वर्षं रोज रात्री उठून गार फरशीवर जाऊन झोपत होते. कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला वाटलं मी रागावले आहे, मला वाटलं मला वेड लागतंय. सासूबाईंनी एकदाच विचारलं, 'तुझी पाळी चढली का?' आणि माझ्या 'हो' वर त्या नुसत्या पाठीवर हात फिरवून गेल्या. तेवढ्यानेही मला बरं वाटलं होतं. निभावलं म्हणजे त्रास नव्हता असं नाही.

शमा_क
मावशी, माफ करा. मी असा विचार केला नव्हता. माझी आई त्या वयात सतत चिडायची आणि आम्ही भावंडं तिला टाळायचो. आज संध्याकाळी तिला फोन करते.

अवनी
मंदाकिनीमावशींचं वाचून घशात आवंढा आला.

मला गरम वाफांबद्दल सांगायचंय, कारण मला त्या वाफा आहेत हेच कळलं नव्हतं. मला वाटायचं घाम यायला हवा, चेहरा लाल व्हायला हवा. मला फक्त छातीत एकदम धडधड व्हायची, जीव घाबरा व्हायचा आणि दोन-तीन मिनिटांनी थंडी वाजायची. मी हृदयाचे डॉक्टर गाठले. ईसीजी, इको सगळं नीट. मग लक्षात आलं की त्या धडधडीच्या आधी अर्धं मिनिट छातीपासून मानेकडे एक ऊब चढते. ती लाट आणि ही धडधड एकच होती.

इरा
अवनी, वर्णन अचूक आहे. मेंदूत शरीराचं तापमान राखणारं केंद्र असतं. एरवी ते थोडाफार चढउतार चालवून घेतं. इस्ट्रोजेन डळमळीत झालं की ती सहनशीलतेची पट्टी अरुंद होते. अंगाचं तापमान किंचित जरी वाढलं तरी शरीर घाईघाईने उष्णता बाहेर टाकतं, त्वचेच्या रक्तवाहिन्या फुलतात, घाम येतो, ठोके वाढतात. नंतर थंडी वाजते ती उष्णता गरजेपेक्षा जास्त गेल्यामुळे.

तू आधी हृदय तपासून घेतलंस हे योग्यच केलंस. छातीत दाब, चालताना धाप, हात-जबड्याकडे जाणारी कळ, चक्कर येऊन पडणं यातलं काही असेल तर ते आधी हृदयाचंच समजायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा.

समीर_द
इथे एकटा पुरुष दिसतोय मी. बायकोने हा धागा पाठवला. आमच्याकडे पंख्यावरून गेले वर्षभर युद्ध चालू होतं. तिला पाचावर हवा, मी पांघरुणात गुंडाळलेला. आता कळलं की तिला खरंच उकडतंय. काल मी स्वतःसाठी वेगळं जाड पांघरूण काढलं आणि पंखा तिच्या ताब्यात दिला. अजून काय करता येईल?

केतकी
समीरदादा, रात्री तिला जाग आली असेल तर सकाळी 'झोप झाली का' एवढं विचारा. आणि ती चिडली की 'तुझे हार्मोन्स बोलतायत' असं कधीही म्हणू नका. चिडायचं कारण बहुतेक वेळा खरंच असतं.

समीर_द
हे वाक्य मी बोललो आहे. पुन्हा नाही.

तन्वी_३७
मी विचारू का? माझं वय ३७. पाच महिन्यांत एकदाच पाळी आली. गर्भधारणा नाही, दोनदा तपासलं. रात्री घाम येतो. मैत्रिणी म्हणतात ताणामुळे पाळी पुढे जाते. की हेच आहे?

इरा
तन्वी, थांबू नकोस, या आठवड्यात डॉक्टरांना भेट. कारण ताण, थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं संप्रेरक) वाढणं, पीसीओएस (अंडाशयाचा एक विकार) यांपैकी काहीही असू शकतं. पण ४० च्या आत चार महिने किंवा जास्त पाळी नाही किंवा फार विरळ आहे, तर अंडाशयाचं काम वेळेआधी मंदावलंय का हे पाहावंच लागतं. तसं असेल तर हाडं आणि हृदय यांच्या रक्षणासाठी सर्वसाधारण रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरकं देतात. तिथे उपचार फक्त घामासाठी नसतात. आणि मूल हवं असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांग.

तन्वी_३७
हो ताई. आजच वेळ घेते. भीती वाटतेय पण घेते.

प्राजक्ता
तन्वी, काय झालं ते इथे नाही तर मला व्यक्तिगत निरोपात नक्की कळव.

रेवा७
आणखी एक. माझी गर्भपिशवी शेवटी काढली, अंडाशय ठेवले. आता पाळीच नाही, मग सुरुवात कशी कळणार? असं असलेल्या कुणी आहेत का?

विभावरी
मी आहे. ४१ व्या वर्षी पिशवी काढली, अंडाशय आहेत. मी रोज रात्री एका ओळीची नोंद ठेवते: झोप, मनःस्थिती, अंगदुखी, छाती दुखरी आहे का. चार महिन्यांनी पाहिलं तर पाळी नसूनही महिन्याचं चक्र कागदावर स्पष्ट दिसत होतं. गेल्या वर्षी ते चक्र विस्कटायला लागलं आणि रात्रीचा घाम सुरू झाला. डॉक्टरांनी त्या वहीवरूनच पुढचं ठरवलं. त्यांनी हेही सांगितलं की पिशवी काढलेल्यांत अंडाशय थोडे लवकर थकू शकतात, म्हणून सावध राहा.

माधवी_आर
शब्दांबद्दल एक अवांतर. 'मेनोपॉज' हा शब्द फ्रेंच डॉक्टर गार्दान यांनी १८२१ मध्ये रूढ केला, ग्रीकमधल्या महिना आणि थांबणं या शब्दांवरून. त्याच्या आधीच्या काळाला वेगळं नाव पडायला बराच काळ गेला. आपल्याकडे रजोनिवृत्ती आहे, ऋतुनिवृत्ती आहे, पण सुरुवातीला? 'रजोनिवृत्तीपूर्व काळ' बोलताना जड वाटतं. कुणाला सोपा शब्द सुचतो का?

मंदाकिनी
आम्ही 'पाळी जायला लागली' म्हणायचो. 'गेली' च्या आधी 'जायला लागली'. पुरतं की.

माधवी_आर
मावशी, किती नेमका आहे! यात काळ चालू आहे हेही आलं.

सुनंदा_म
आणखी एक प्राणी-अवांतर माझ्याकडून. ऑर्का देवमाशांच्या माद्यांनाही रजोनिवृत्ती येते आणि त्या पुढे कित्येक वर्षं जगतात, कळपाला अन्नाकडे नेतात. खांदा दुखत असताना हे वाचलं होतं, फार आधार वाटला.

अवनी
हार्मोनच्या गोळ्यांबद्दल काय? मला घ्यायला सांगितलंय पण कर्करोगाची भीती वाटते. बहीण म्हणते हातही लावू नको.

इरा
ही भीती मुख्यतः २००२ पासूनची. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा, विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हचा, एक भाग त्या वर्षी मध्येच थांबवला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) एकत्र घेणाऱ्यांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. बातमी जगभर गेली, पण त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं हे मागे राहिलं. पुढच्या विश्लेषणांनंतर आजचं मत असं: वय ६० च्या आत किंवा रजोनिवृत्तीला १० वर्षं झालेली नसताना, त्रासदायक वाफा असतील आणि इतर अडचण नसेल, तर बहुतेकींसाठी फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. धोका शून्य नाही. गर्भपिशवी असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर अस्तर वाढतं. त्वचेवरचा पॅच किंवा जेल यात रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांना हा मार्ग सहसा देत नाहीत, त्यांच्यासाठी बिगर-संप्रेरक औषधं आहेत. समुपदेशनाची एक पद्धत, सीबीटी, हिचाही वाफा आणि झोप दोन्हींसाठी उपयोग दिसला आहे.

बहिणीला सोबत घेऊन जा. दोघींचे प्रश्न एकदमच सुटतील.

आणि जिथे थांबायचं नाही ते पुन्हा सांगते, रेवाच्या अनुभवामुळे: दर तास-दोन तासांनी पॅड भिजणं, मोठ्या गाठी, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधांनंतर रक्त जाणं, आणि १२ महिने बंद राहून पुन्हा थेंबभरही दिसणं. ४५ च्या पुढे असा रक्तस्राव असेल तर गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी करून घ्यावी. 'जायच्या आधी असं होतंच' हे आधी तपासून मग म्हणायचं. मन इतकं खालावलं की जगणं नकोसं वाटतंय, तर तेही त्याच दिवशी सांगायचं.

केतकी
आणि गर्भनिरोधक लगेच सोडू नका! मी ४५ ला 'आता कसली भीती' म्हणाले होते. सुदैवाने डॉक्टरांनी वेळेत अडवलं.

इरा
बरोबर. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी आली तर पुढे २ वर्षं, पन्नाशीनंतर आली तर १ वर्ष चालू ठेवायचं.

निशिगंधा
सात आठवड्यांनी परत आले. विभावरीताईंसारखी रोजची एक ओळ लिहिली. दोन चक्रं झाली, एक २५ दिवसांचं आणि एक २३. तीनची जाग रोज नाहीये! पाळीच्या आधीच्या आठ-नऊ दिवसांत आहे, पाळी सुरू झाली की दुसऱ्या रात्री मी सहापर्यंत झोपते. मला तर वाटत होतं मी वर्षभर झोपलेच नाहीये.

थायरॉइड नीट आहे. हिमोग्लोबिन १२.१, म्हणजे काठावर पास, पण फेरिटिन ९. म्हणजे लोहाचा साठा संपलेला. लोहाची गोळी सुरू आहे आणि थकवा थोडा हटलाय. वही घेऊन नव्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पानं उलटून पाहिली, तारखांवर पेन्सिलने खुणा केल्या आणि म्हणाल्या, 'हो, सुरुवात असावी. आणि लोहही कमी आहे. दोन्ही खरं आहे.' सध्या औषध नको असं दोघींनी ठरवलं, तीन महिन्यांनी पुन्हा भेटायचं.

मुलीला ते खुणा केलेलं पान दाखवलं. ती म्हणाली, 'मग या दिवसांत मी आधी विचारत जाईन, आई आज कशी आहेस.' शब्द अजून सापडत नाहीत मधूनमधून. 'अंदाजपत्रक' मात्र आता पाठ आहे.

प्राजक्ता
दोन्ही खरं आहे! सुनंदाताई, वाचलंत का?

सुनंदा_म
वाचलं गं. खांदा वर करून टाळी दे.

तन्वी_३७
मीही सांगून ठेवते. तपासण्या झाल्या, प्रोलॅक्टिन वाढलेलं निघालं. उपचार सुरू झालेत. इराताई, 'या आठवड्यात' म्हणालात म्हणून गेले.

मंदाकिनी
निशिगंधा, ती वही जपून ठेव. मुलीला पुढे लागेल.